सिस्टर, आपल्या एका प्रश्नासाठी

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या खेपेला नाव नोंदवण्यासाठी नौपाड्यातील आपल्या प्रसूतिगृहात आले, तेव्हा “पहिलं बाळ ३२व्या आठवड्यात पोटातच गेलं” एवढे सांगून मी मान खाली घातली होती. केसपेपर बाजूला सारून आपण विचारलेत, “त्याचं नाव ठरवलं होतंत का?” तोवर ‘झालं गेलं विसर’ असेच सर्वांनी ऐकवले होते. ते नाव मी त्या दिवशी प्रथमच घराबाहेर उच्चारले.

मागच्या सोनोग्राफीत एकाएकी गप्प झालेली खोली मी विसरू शकत नव्हते. आपण डॉक्टरांना सांगून ठेवल्यामुळे या वेळी प्रथम ठोके ऐकवले जात आणि मापे नंतर घेतली जात.

सहाव्या महिन्यापासून मी हालचाली वहीत मांडत रात्ररात्र जागत असे आणि ठोके ऐकण्याचे यंत्र मागवण्याच्या बेतात होते. ठोका ऐकू आला म्हणजे बाळ सुखरूप आहेच असे नसते, शिवाय आईच्याच रक्तप्रवाहाचा आवाज बाळाचा वाटू शकतो. हालचालींचा सर्वांना लागू पडणारा आकडा नसतो, म्हणून आपल्या बाळाची रीत ओळखा आणि ती मंदावली वा बदलली तर सकाळची वाट न पाहता निघून या, हे आपण समजावलेत. दोनदा मी अपरात्री आलेही. सारे ठीक निघाले, तरी ‘उगाच आलात’ असे आपण म्हणाला नाहीत.

ही नुसती भीती की आणखी काही, हे मला उमगत नव्हते. १९८७ मध्ये बाळंतिणींसाठी प्रसिद्ध झालेली आणि गरोदरपणीही वापरली जाणारी, नैराश्याची चाहूल घेणारी दहा प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली आपण भरून घेतलीत, तिच्या गुणांवरून आजार ठरत नाही हेही सांगितलेत आणि समुपदेशकांकडे पाठवलेत. रात्रीसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फाइलच्या आत लिहून दिलात.

डोहाळजेवणावरून घरात अबोला झाला, तेव्हा आपण सासूबाईंना बाजूला घेऊन काय सांगितलेत ते मला आजही ठाऊक नाही (त्याही सांगत नाहीत). त्यांनी हॉलची चौकशी थांबवली आणि माझ्या आईला बोलावून घरीच ओटी भरली.

लेक आता पाच महिन्यांची आहे. गेल्या रविवारी तिला घेऊन मासुंदा तलावाकाठी बसले असता शेजारच्या बाईंनी “पहिलीच का?” असे विचारले. मी “दुसरी” म्हणाले आणि तिच्या दादाचे नावही सांगितले.

आपली कृतज्ञ,
नौपाड्यातील एक आई