साहेब खोलीत असताना

चि. मनू,

रविवारी फोनवर आवाज चढला, म्हणून लिहितोय. तू ऑफिसात चालवतेस त्या चर्चागटात साहेब बसले होते का, एवढंच मी विचारलं, तर तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला दुसरं काही दिसतच नाही." दिसतं गं. कामाच्या रगाड्यातून माणसं उठून येतात आणि धैर्य म्हणजे काय यावर बोलतात, हे मी सगळ्यांना सांगत सुटलोय. आत्या तर कंटाळली ऐकून.

पण तो नवा मुलगा मनातून जात नाही. चुकीच्या वाटणाऱ्या अहवालावर सही केली, हे तो सगळ्यांदेखत बोलून गेला, आणि समोर त्याचेच साहेब. प्लेटोच्या 'लाखेस' या संवादात दोन सेनापतींना धैर्याची व्याख्या जमत नाही, हे तूच सांगितलंस. पण त्यांच्यात कुणी कुणाच्या हाताखाली नव्हतं.

जर्मन तत्त्वज्ञ नेल्सन यांचं सॉक्रेटिसच्या प्रश्नोत्तर पद्धतीवरचं १९२२ सालचं व्याख्यानही वाचलं. चर्चा चालवणाऱ्याने आपलं मत पुढे करायचं नाही, आणि सुरुवात प्रत्यक्ष अनुभवापासून करायची. पटलं. फक्त ऑफिसात 'प्रत्यक्ष अनुभव' म्हटलं की त्यात कुणाचं तरी नाव येतंच. साहेब कितीही भले असोत, ऐकलेलं विसरता येत नाही. वर्षअखेरीला शेरा लिहिताना ते आठवतंच. म्हणून उदाहरणं ऑफिसबाहेरची घे. नाहीतर साहेबांनाच आधी स्वतःचा अनुभव सांगायला लाव. आणि कुणी गप्प राहिलं तर राहू दे, खोदून विचारू नकोस. नेल्सन यांचे शिष्य हेकमन मधेच थांबून चर्चेबद्दलच चर्चा करायला सांगायचे, तेही करून बघ. इथे बोलायची भीती वाटते का, हे तरी विचारता येईल.

बघ, सांगत बसलो. चुकलं माझं. गट तुझा आहे.

तू लहानपणी आईला विचारलं होतंस, नुसतं गप्प बसलं तर ते खोटं बोलणं होतं का? आई म्हणाली, तुला काय वाटतं? एक चप्पल पायात, एक हातात, अशी तू जिन्यात बसून राहिलीस, शाळेला उशीर झाला तरी. उत्तर काय दिलंस ते आठवत नाही. तो चेहरा आठवतो. आता तू तसाच प्रश्न इतक्या माणसांना एका खोलीत बसवून विचारतेस, याचा मला फार अभिमान आहे.

पण दादाच्या वेळी काय झालं ते तू पाहिलं नाहीस. तोही चांगल्या मनानेच बोलला होता. त्या मुलाला कुणी काही बोललं नाही ना? आणि तुला?

पुढच्या वेळी प्लेटोचं 'क्रिटो' घेणार म्हणालीस, म्हणून काल वाचायला घेतलं. तुरुंगातून निघून चल, मुलांचा तरी विचार कर, असं सॉक्रेटिसचा मित्र क्रिटो त्याला परोपरीने विनवतो. सॉक्रेटिसचं उत्तर मी दोनदा वाचलं. मी अजून क्रिटोच्याच बाजूला आहे. तुझ्या गटातले काय म्हणतात ते कळव.

तुझा,
बाबा