कॅशमीरच्या स्वेटरविषयी मित्रास पत्र

ता. आर्वी, जि. वर्धा
१४ डिसेंबर

प्रिय मित्र दिवाकर यास सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. कापसाचा दुसरा वेचा सुरू असल्यामुळे दिवसा पत्र लिहायला सवड नव्हती, म्हणून आज रात्री जेवण उरकून बसलो आहे. जानेवारीत तू मुलीकडे टोरंटोला निघणार, तिथल्या थंडीसाठी एखादा कॅशमीरचा स्वेटर घ्यावा असे तुझ्या मनात आहे, पण त्यापायी कुठले माळरान उजाड होत असेल तर तो अंगावर घालवणार नाही, असे तू लिहिलेस. हा प्रश्न कापूस पिकवणाऱ्याला विचारलास याचे आधी हसू आले. मग वाटले की धाग्याचा आणि भावाचा संबंध आमच्याइतका कोणाला ठाऊक असणार?

गेल्या दिवाळीला पुतण्या लेहहून सुटीवर आला, तेव्हा त्याने लडाखमधल्या चांगथांग पठारावरच्या शेळीच्या कच्च्या लोकरीची एक मूठ रुमालात बांधून आणली होती. ती मी उजेडात धरून पाहिली. वर राठ, लांब केस आणि त्यांच्या आत धुरासारखी मऊ लव. ही आतली लव म्हणजे पश्म, आणि तिलाच जग कॅशमीर म्हणते. हिवाळ्यात उणे तीस अंशांपर्यंतच्या थंडीत टिकण्यासाठी ती शेळीच्या अंगावर येते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आपोआप सुटू लागते, तेव्हा तिथले चांगपा पशुपालक ती फणीने विंचरून घेतात. लडाखी पश्मचा धागा १२ ते १५ मायक्रॉन जाडीचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). राठ केस वेगळे काढणे म्हणजे आपले जिनिंगच समज. आपल्याकडे क्विंटलभर कापसातून ३४-३५ किलो रुई निघते आणि बाकीची बहुतेक सरकी. तिथे एका शेळीची वर्षभराची शुद्ध लव जेमतेम दीड-दोनशे ग्रॅम भरते, म्हणून एका स्वेटरसाठी तीन-चार शेळ्यांचे वर्ष खर्ची पडते. हा हिशेब डोक्यात ठेवलास की दीड-दोन हजारांत 'शुद्ध कॅशमीर' मिळते म्हणणाऱ्या दुकानदारापुढे तुला फार वेळ थांबावे लागणार नाही.

आता माळरानाविषयी. जगातली बहुतेक कॅशमीर लोकर चीन आणि मंगोलिया या दोन देशांतून येते. मंगोलियात १९९० पर्यंत जनावरे सामुदायिक मालकीची होती आणि शेळ्या सुमारे ५० लाख होत्या. ती व्यवस्था मोडली, जनावरे खासगी झाली, हाती रोख पैसा देणारी वस्तू म्हणून कॅशमीरच उरली, आणि २०१९ पर्यंत शेळ्यांची संख्या अडीच कोटींच्या पुढे गेली. शेळी कशी चरते ते आपण धुऱ्यावर रोज पाहतोच: मेंढी वरवरचे खाते, शेळी मात्र कोवळा कोंब मुळाशी खुडते आणि टोकदार खुरांनी माती उकरून ठेवते. गवताचे मूळच गेले की वाऱ्याला माती उचलायला वेळ लागत नाही. त्यात तिथे कडक हिवाळ्याचा 'झुद' येतो. २०२३-२४ च्या झुदमध्ये ७० लाखांहून अधिक जनावरे दगावली. उन्हाळ्यात चारा पुरेसा न मिळालेले जनावर बर्फात आधी पडते, हे वेगळे सांगायला नको. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तशी आपली, म्हणजे अंगावर घालणाऱ्यांची, गत आहे.

परंतु यात मी पशुपालकाला दोष देणार नाही. व्यापारी लोकर वजनावर घेतो, आणि बारीक, लांब धाग्याला वेगळा भाव मिळाला नाही की माणूस शेळ्यांची संख्याच वाढवतो. आमच्याकडे व्यापारी गाडीतला मूठभर कापूस काढून दोन बोटांनी ताणून पाहतो, "माल चांगला आहे" म्हणतो आणि भाव मात्र सगळ्यांना एकच लावतो. मग निवडून, सरसकट पालापाचोळा न येऊ देता वेचणी करायची कोणी आणि कशासाठी? तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर इथेच आहे: जिथे दर्जाला दाम मिळतो तिथून, महाग, एकच, आणि पंधरा वर्षे टिकेल असा स्वेटर घे. दर हिवाळ्याला बदलायचा स्वस्त कॅशमीर हाच त्या माळरानाचा खरा शत्रू आहे.

टिकेल कसा ते कापसावरूनच सांगतो. धागा आखूड असला की कापडावर गोळे येतात. चांगल्या कॅशमीरच्या धाग्याची लांबी ३४-३६ मिलीमीटर किंवा त्याहून जास्त असते. दुकानात हात लावताच फार गुबगुबीत, लोण्यासारखे लागणारे कापड पाहून भुलू नकोस, कारण ते बहुधा गिऱ्हाइकासाठी घासून फुगवलेले असते आणि पहिल्या महिन्यातच त्यावर गोळे दिसू लागतात. दोन पदरी सुताचा, घट्ट विणीचा स्वेटर घे. उजेडापुढे धरल्यावर आरपार दिसू नये आणि थोडा ताणून सोडल्यावर परत मूळ आकाराला यावा. प्रमाणपत्रे असतात: 'गुड कॅशमीर स्टँडर्ड' चीनच्या इनर मंगोलियातल्या शेळ्यांसाठी आहे, तर 'सस्टेनेबल फायबर अलायन्स' ही संस्था मंगोलियातल्या पशुपालकांबरोबर कुरणांचे काम करते. तेवढ्या शिक्क्यावर डोळे मिटून विसंबू नकोस, पण शिक्का नसेल तर लोकर कुठली एवढे तरी विचार.

जुन्या लोकरीपासून पुन्हा कातलेले कॅशमीरही मिळते. इटलीतल्या प्रातो शहराचा हा पिढीजात धंदा आहे. जुने स्वेटर रंगाप्रमाणे निवडून पिंजतात, त्यामुळे पुन्हा रंगवायचे फारसे कारण पडत नाही. त्यातला धागा आखूड होतो, म्हणून त्यात थोडी नवी लोकर मिसळतात. मला ही वाट नव्या स्वेटरपेक्षा अधिक पटते. टोरंटोत वापरलेले चांगले कपडे विकणारी दुकाने असतीलच, तिथेही लेकीला आधी पाहायला सांग.

शाल घ्यायची झाली तर याच पश्मपासून विणलेल्या काश्मीर पश्मिनाला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती हातानेच कातलेली आणि हातमागावरच विणलेली असावी लागते. काश्मिरी स्त्रिया ज्या चरख्यावर तिचे सूत काततात त्याला येंदर म्हणतात. वर्धा जिल्ह्याच्या माणसाला चरख्याचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही! शहातूशचे नाव मात्र कोणी काढले तर तिथून सरळ बाहेर पड. ती लोकर चिरू या तिबेटी हरणाला मारून काढतात आणि तिचा व्यापार गुन्हा आहे.

फसण्याविषयी माझा अधिकार मोठा आहे. तीन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी तुझ्या वहिनींसाठी बाराशे रुपयांना 'शुद्ध पश्मिना' शाल घेतली, विक्रेत्याने ती अंगठीतून आरपार ओढूनही दाखवली. घरी आल्यावर झालरीचे एक सूत तोडून देवापुढच्या निरांजनावर धरले. लोकर असती तर केस जळाल्याचा वास येऊन चिमटीत चुरगळणारी राख उरली असती. इथे ते वितळून काळा कडक मणी झाला आणि बोटाला चटका बसला. ती शाल आता बैलगाडीतल्या गादीवर असते.

स्वेटर वारंवार धुऊ नकोस. घातल्यावर रात्रभर वाऱ्यावर टाक, आणि धुवायचाच तर गार पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता धू आणि टॉवेलवर आडवा पसरून वाळव. दोरीवर टांगलास तर लांबून गुडघ्यापर्यंत येईल. कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी येते, म्हणून ठेवणीत टाकताना स्वच्छ करून घट्ट बंद पिशवीत ठेव.

पुतण्याने आणलेल्या त्या पश्मातला एक पुंजका या पाकिटात घालून पाठवत आहे. राठ केस मी स्वतः चिमट्याने वेचून काढले, त्यात दोन संध्याकाळी गेल्या. दुकानात जाशील तेव्हा तो खिशात असू दे आणि हात आधी त्याला लावून मग स्वेटरला लाव. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. निघण्यापूर्वी एक दिवस इकडे येऊन जा. तुरीच्या शेंगा भरल्या आहेत.

तुझा,
विनायक