तक्रार: पिल्लांना भरवायच्या संचातली निसटणारी नळी आणि घातक माहितीपत्रक

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
पक्षी हँडफीडिंग संचाचे उत्पादक

विषय: ‘नवशिक्यांसाठी सुरक्षित’ असे छापलेला संच असुरक्षित असल्याबाबत

महोदय,

बजरी, कॉकाटिल आणि लव्हबर्ड या छोट्या पोपटांची पिल्लं हातानं वाढवणाऱ्या आम्ही इंदूरच्या ग्राहकांनी आपले तीन संच राजवाड्याजवळच्या दुकानातून घेतले. तिन्ही खोक्यांत तोच माल निघाला: २० मिलीची सिरिंज, तिच्या तोटीवर चढवायची सिलिकॉनची नळी, टोकाला गोळी असलेली स्टीलची वाकडी सुई आणि प्लास्टिकचा चमचा.

सगळ्यात गंभीर दोष नळीचा आहे. ती तोटीवर नुसती ओढून बसवली आहे; धरून ठेवायला ना आटे, ना कडा. कोरडी असताना घट्ट वाटते, पण ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून चिमटीनं हलकेच ओढली की अलगद हातात येते. तिन्ही संचांत हेच झालं. भूक लागलेलं पिल्लू चोच तोटीवर दाबून मान जोरजोरात वरखाली हलवतं, म्हणजे ओढ बसते ती नेमकी याच जोडावर. नळी गिळली गेली की पिल्लाला ती सहसा बाहेर टाकता येत नाही. क्रॉपमधून, म्हणजे गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीतून, ती डॉक्टरांनाच काढावी लागते, प्रसंगी चिरा देऊन. स्टीलची सुई निसटली नाही, तरी अननलिका किंवा क्रॉप फाडू शकते. नळी काय, सुई काय, ही शिकलेल्या हातांची साधनं आहेत. ती नवशिक्यांच्या खोक्यात घालणं आम्हाला अक्षम्य वाटतं.

सिरिंजचं मापही चुकलं आहे. पिल्लाला एका वेळी त्याच्या वजनाच्या साधारण १० टक्के अन्न पुरतं. २० ग्रॅमच्या बजरीच्या पिल्लाचा घास म्हणजे फक्त २ मिली. आपल्या सिरिंजवर खुणा दर १ मिलीला आहेत, म्हणजे एका खुणेची चूक झाली की निम्मं जेवण जास्त किंवा कमी. खोक्यावर बजरीच्या पिल्लाचं चित्र छापता, तर आत ०.२ मिलीच्या खुणा असलेली ५ मिलीची सिरिंज हवी.

त्यातून माहितीपत्रक म्हणतं, ‘उकळून पुन्हा वापरा’. चार वेळा उकळल्यावर दट्ट्याचं रबर कोरडं पडलं. आता तो आधी अडकतो, जोर दिला की एकदम सुटतो आणि ३-४ मिली पाणी एका झटक्यात बाहेर पडतं. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागे असतं. असा लोंढा तिथे शिरला तर पिल्लू गुदमरून तिथल्या तिथे मरू शकतं, किंवा पुढे त्याला न्यूमोनिया होतो. चित्रात सिरिंज चोचीत सरळ मधोमध धरलेली दाखवली आहे, तेही चूक. अननलिका मानेच्या उजव्या बाजूनं जाते, म्हणून सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूनं घालून टोक त्याच्या उजवीकडे वळवायचं, आणि मान हलत असेल तेव्हाच दट्ट्या हळूहळू दाबायचा. मान थांबली की हातही थांबायला हवा. यातलं एक अक्षरही पत्रकात नाही.

तापमानाबद्दल एवढंच लिहिलं आहे: ‘कोमट, हवं तर मायक्रोवेव्हमध्ये गरम करा’. मायक्रोवेव्हमध्ये अन्न सगळीकडे सारखं तापत नाही. वाटीत एका जागी कोमट, तर दुसऱ्या जागी चटका बसेल इतकं असतं. फॉर्म्युला, म्हणजे पिल्लांना भरवायचं पातळ अन्न, ३९ ते ४१ अंशांवर हवा. त्याहून फार गरम झाला तर क्रॉप आतून भाजतो, आणि ते काही दिवसांनी, छातीवरच्या भोकातून अन्न गळू लागल्यावर कळतं. फार थंड दिला तर क्रॉप रिकामा व्हायला वेळ लागतो आणि अन्न आतच आंबतं. माळव्यातल्या डिसेंबरच्या पहाटे भरलेली सिरिंज बघता बघता निवते. वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी, हेही सांगायला हवं होतं. संचात थर्मामीटर नाही.

चमच्याच्या कडेला साच्याची धारदार रेघ राहिली आहे, बोटाला टोचते. पिल्लाची चोच त्याहून मऊ असते. खरं तर नवशिक्यासाठी चमचाच सगळ्यात सुरक्षित: घरातला स्टीलचा छोटा चमचा, दोन्ही कडा आत वळवून पन्हळीसारखा केलेला. वेळ लागतो, सांडतंही, पण पिल्लू आपल्या गतीनं गिळतं.

आमच्या मागण्या अशा: तिन्ही संचांची पूर्ण रक्कम परत करावी. नळी आणि सुई संचातून काढावी आणि दुकानांत पडलेला माल मागवून घ्यावा. ज्यांनी संच आधीच नेला आहे, त्यांना दुकानदारांमार्फत नळी न वापरण्याची सूचना तातडीनं द्यावी. माहितीपत्रक पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून तपासून नव्यानं छापावं.

वापराच्या अपुऱ्या सूचना आणि न दिलेले इशारे यांची जबाबदारी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उत्पादकावरच टाकतो. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. तिन्ही संच, खोकी आणि पावत्या जपून ठेवल्या आहेत. आपला माणूस इंदूरला आला तर नळी त्याच्यासमोर पाण्यात धरून दाखवू.

आपले,
इंदूरमधील पक्षीपालक ग्राहक

सोबत: पावत्यांच्या प्रती, निसटलेल्या नळीची आणि अडकणाऱ्या दट्ट्याची छायाचित्रं