विषय: चुकीचा ऑइल पंप गळ्यात मारल्याबद्दल आणि चार फोन करूनही उत्तर न दिल्याबद्दल

ग्राहक सेवा विभागप्रमुख यांस,

चौथा फोन आत्ताच ठेवला. पाचवा करणार नाही, म्हणून हे पत्र.

इंजिन माझंच आहे आणि उघडलंयही मीच. बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा रॉड क्रँकशाफ्टला जोडतो तिथलं) गेलं, त्याचा चुरा पंपात शिरला आणि गिअरच्या दातांवर, बॉडीच्या आतून ओरखडे पडले. फिल्टर येतो पंपानंतर. पंपाच्या आधी फक्त जाळी, आणि तिच्यातून असला चुरा आरामात जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. क्रँक 0.25 मिमी ग्राइंड करून घेतला, बारीक झालेल्या क्रँकला बसणारी अंडरसाइझ बेअरिंग टाकली, पंपही बदलायचं ठरवलं. जुना पंप तुमचाच होता, आणि बेअरिंग जाईपर्यंत त्यानं एकदाही त्रास दिला नव्हता. म्हणून पुन्हा तुमच्याकडेच आलो.

तुमच्या कॅटलॉगमध्ये या इंजिनासाठी दोन पार्ट नंबर आहेत: एक साधा, दुसरा 25 टक्के जास्त ऑइल देणारा हाय व्हॉल्यूम. माझा प्रश्न एकच होता. बेअरिंग क्लिअरन्स, म्हणजे बेअरिंगमधली फट, 0.05 मिमी आहे, गाडी रोजच्या वापरातली आहे, तर यातला कुठला? आणि जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह किती प्रेशरला उघडतो? (प्रश्न दोन झाले, पण उत्तरं एकाच ड्रॉइंगवर असणार.)

पहिल्या फोनवर उत्तर आलं, "हाय व्हॉल्यूमच घ्या सर, जास्त ते चांगलंच." मी घेतला. ही माझी चूक, मान्य आहे. कारण पंप ऑइल ढकलतो आणि प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या फटींत होणाऱ्या अडवणुकीमुळे. फटी कमी असतील तर जादा ऑइल रिलीफ व्हॉल्व्हमधून परत जातं, फुकट गरम होतं आणि पंप फिरवण्याचा सगळा भार कॅमच्या गिअरवर पडतो. ढिल्या क्लिअरन्सच्या इंजिनासाठी असलेला पंप घट्ट इंजिनाला विकताना हे कुणाला आठवलं नाही.

पण ते राहू द्या, कारण तुमचा पंप बसतच नाही. लांब गिअरमुळे बॉडी जुन्या पंपापेक्षा 7 मिमी खोल आहे, आणि डब्यात दिलेली जाळीची नळी मात्र साध्या पंपाच्याच लांबीची. इंजिनाखालच्या ऑइल चेंबरच्या तळाला चिकणमातीची गोळी लावली, चेंबर चढवून बोल्ट आवळले, परत उतरवलं. गोळीवर जाळीचा ठसा, चौकटी चौकटी मोजता येतील असा, आणि खाली उरलेली माती 2 मिमी. जुन्या पंपाला तिथं 9 मिमी जागा होती. 2 मिमीमधून पंप ऑइल ओढणार कसं?

हेच मी आज फोनवर विचारलं. आधी नाव, मग पार्ट नंबर, मग गाडीचा रंग. रंग कशाला, असं विचारलं तर "फॉर्ममध्ये रकाना आहे सर, त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही." पांढरा, म्हणालो. पुढचं पान उघडलं. मी सगळं पुन्हा सांगितलं: 2 मिमी, 9 मिमी, माती. पलीकडे बराच वेळ शांतता, मग, "सर, मग ऑइल थोडं जास्त भरा." मी म्हणालो, ऑइल जास्त भरलं तर क्रँक त्यात आपटून फेस करतो आणि पंप फेस ओढतो, आणि जाळी तळाला टेकल्यावर वर कितीही ऑइल असलं तरी उपयोग काय? त्यावर: "तुमच्या मेकॅनिकला एकदा दाखवून घ्या." मीच मेकॅनिक आहे, हे चौथ्यांदा सांगितलं. "तरीसुद्धा, सर."

तरीसुद्धा! माझी बोटं काळी असताना मला हे ऐकवलं गेलं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फोनबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एकात संगीत ऐकलं, दुसऱ्यात कळलं की डबा उघडला म्हणून पंप परत घेता येत नाही. डबा न उघडता पंप मोजायची काही पद्धत तुमच्याकडे असेल तर तीही कळवा.

इंजिन पाच आठवडे स्टँडवर उघडं पडलंय. प्रश्न एकच होता, आणि रिलीफ व्हॉल्व्ह किती प्रेशरला उघडतो हे अजूनही कुणी सांगितलेलं नाही. स्वतः बनवलेल्या पंपाचा हा आकडा तुमच्याकडे नसेल, तर पंपावर तुमचं नाव तरी कशाला छापता?

साधा पंप योग्य लांबीच्या नळीसह पाठवा, रिलीफ व्हॉल्व्हचा आकडा लेखी द्या, आणि हा पंप स्वखर्चानं घेऊन जा. आठ दिवसांत झालं नाही तर पुढचा कागद वकिलाकडून येईल आणि पंप दुसऱ्या कंपनीचा बसेल.

तुमचा पंप त्याच डब्यात ठेवलाय. जाळीला थोडी माती लागलीय, ती मुद्दाम पुसलेली नाही.

एक ग्राहक (आणि मेकॅनिक)