यादीला तिचा स्वतंत्र कंट्रोलर देणे ज्यांनी शिकवले, त्यांना

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

आपण आमच्या टीममध्ये जेमतेम चार महिने होता आणि त्यातही माझा कोड वाचायला आपल्याला दोन-तीन दुपारीच मिळाल्या. त्या दुपारींचे आभार तेव्हा मानायचे राहून गेले. आता हे पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण आयओएसवर काम करणारे आणखी कितीतरी जण मी जिथे अडकलो होतो तिथेच अडकलेले दिसतात, आणि आपण मला दाखवलेली वाट त्यांनाही उपयोगी पडेल असे वाटते.

आपल्याला ती स्क्रीन आठवत असेल. वर शोधपट्टी, तिच्याखाली नेट नसल्याची सूचना, मध्ये मागील ऑर्डरींची यादी आणि तळाशी एकूण रकमेची न हलणारी पट्टी. हे सगळे एकाच व्ह्यू कंट्रोलरमध्ये, म्हणजे स्क्रीनवरचे घटक सांभाळणाऱ्या एकाच क्लासमध्ये, होते आणि ती फाइल 1,400 ओळींच्या पुढे गेली होती. एमव्हीसी (खरे तर ‘मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर’, कोड तीन भागांत विभागण्याची पद्धत) म्हणजे ‘मॅसिव्ह व्ह्यू कंट्रोलर’, अवाढव्य कंट्रोलर, हा आमच्या धंद्यातला जुना विनोद मी इतरांना ऐकवत असे. माझीच फाइल त्याचा नमुना आहे हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

मी आपल्याकडे आलो होतो तो एका बगसाठी. शोधपट्टीत दोन अक्षरे टाकून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले की भलत्याच ऑर्डरचा तपशील उघडत असे. सेल, म्हणजे यादीतली एकेक ओळ, भरणारी मेथड शोधानुसार गाळलेल्या ॲरेमधून (ऑर्डरींच्या क्रमवार संचातून) वाचत होती आणि ओळ निवडल्यावर चालणारी मेथड मूळ ॲरेमधून. ‘शोध चालू आहे का’ हा एकच प्रश्न मी सहा ठिकाणी विचारला होता आणि सातव्या ठिकाणी विसरलो होतो. तिथे आणखी एक अट घालून मी मोकळा झालो असतो. आपण ती अट घालू दिली नाहीत. आपण फक्त विचारलेत, “हा कंट्रोलर स्क्रीनचा आहे की टेबलाचा?” (टेबल म्हणजे यादी दाखवणारा व्ह्यू.) मला उत्तर देता आले नाही.

त्यानंतर मी उत्साहाच्या भरात पूर्ण स्क्रीनच यूआयटेबलव्ह्यूकंट्रोलरवर, म्हणजे यादीसाठीच असलेल्या तयार कंट्रोलरवर, नेली, आणि तळाची पट्टी यादीबरोबर वर सरकू लागली. त्या कंट्रोलरचा मूळ व्ह्यू म्हणजे टेबलच असतो, त्यामुळे त्यात टाकलेली प्रत्येक गोष्ट टेबलाबरोबर सरकते, हे आपण न हसता सांगितलेत याबद्दल वेगळे आभार. मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. डेटासोर्सचा, म्हणजे टेबलाला ओळी पुरवणारा, एक सुटा क्लास केला, व्ह्यूडिडलोडमध्ये (व्ह्यू लोड झाल्यावर चालणाऱ्या मेथडमध्ये) त्याचा ऑब्जेक्ट तयार करून टेबलाला दिला, ॲप चालवले आणि समोर कोरी यादी आली. एरर नाही, क्रॅश नाही, ओळींची संख्या विचारणाऱ्या मेथडमधला ब्रेकपॉइंटही लागत नव्हता. दोन तास मी सर्व्हरकडून येणारी माहिती तपासत बसलो होतो. आपण खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि म्हणालात, “या ऑब्जेक्टला धरून कोणी ठेवलंय?” टेबल आपल्या डेटासोर्सला वीक रेफरन्सनेच, म्हणजे धरून न ठेवता, ओळखते, माझा ऑब्जेक्ट लोकल व्हेरिएबलमध्ये होता आणि मेथड संपताच तोही संपला होता. एआरसीबद्दल (कोणीच धरून न ठेवलेला ऑब्जेक्ट मेमरीतून काढणाऱ्या व्यवस्थेबद्दल) मी वाचलेले पुष्कळ होते, पण मला ते खऱ्या अर्थाने कळले ते त्या कोऱ्या यादीसमोर.

शेवटी जी मांडणी ठरली ती आपलीच. बाहेरचा कंट्रोलर स्क्रीनचा, म्हणजे शोधपट्टी, सूचना आणि रकमेची पट्टी सांभाळणारा. आणि त्याच्या पोटात चाइल्ड म्हणून यूआयटेबलव्ह्यूकंट्रोलर, जो फक्त यादी जाणतो. कंट्रोलरच्या पोटात कंट्रोलर ठेवण्याची ही सोय आयओएस 5 पासून, म्हणजे 2011 पासून उपलब्ध आहे, आणि तरीही मी ती कधी वापरली नव्हती. आधी ॲडचाइल्ड, मग त्याचा व्ह्यू आपल्या व्ह्यूमध्ये बसवून त्याचे कन्स्ट्रेंट (जागा आणि आकाराचे नियम), आणि शेवटी डिडमूव्ह. काम एवढेच आहे. ॲडचाइल्ड केले की पालक कंट्रोलर चाइल्डला घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे माझ्या कोऱ्या यादीचा प्रश्न तिथेच मिटला. कीबोर्ड वर आला की टेबलाला जागा करून देणारा माझा तीसेक ओळींचा कोडही निघाला, कारण ते काम यूआयटेबलव्ह्यूकंट्रोलर स्वतः करतो. खाली ओढून यादी ताजी करण्यासाठी त्याच्याकडे रिफ्रेशकंट्रोलची सोय तयार असते. हे सगळे मी हाताने लिहीत आलो होतो.

तरी मला सर्वांत मोलाचे वाटले ते आपले दोन कंट्रोलरांमधल्या बोलण्याबद्दलचे म्हणणे. मी चाइल्डकडून पालकाला इंडेक्सपाथ, म्हणजे ओळीचे यादीतले स्थान, पाठवत होतो. आपण तो बदलायला लावलात आणि सांगितलेत की यादीने बाहेर ‘तिसरी ओळ’ असे म्हणायचेच नाही, ‘ही ऑर्डर निवडली’ एवढेच म्हणायचे. ओळ कितवी हे यादीचे घरगुती प्रकरण आहे. बाहेरच्याने यादीला फक्त ऑर्डरींचा ॲरे द्यावा. तो गाळलेला आहे की पूर्ण, हे यादीला कळायचे कारण नाही. तेवढ्या बदलाने माझ्या सहाही अटी निघून गेल्या, आणि सातवी विसरण्याचा प्रश्न उरला नाही. पुढे दुसऱ्या एका स्क्रीनवर तीच यादी वेगळ्या पट्टीसह हवी होती, तेव्हा ते काम अर्ध्या दिवसात झाले. यादीची टेस्टही आता सोपी आहे: तीन ऑर्डरी द्यायच्या, व्ह्यू लोड करायचा आणि टेबलात तीन ओळी आहेत का ते पाहायचे. त्यासाठी सर्व्हर लागत नाही आणि शोधपट्टीही लागत नाही.

आपण एक इशाराही दिला होता. ज्या स्क्रीनवर यादीशिवाय काहीच नाही तिथे चाइल्डचा खटाटोप करू नये, साधा यूआयटेबलव्ह्यूकंट्रोलर पुरतो. तो मी पाळतो. आमच्याकडे सेटिंग्जची चार स्थिर ओळींची स्क्रीनही तोडायचा प्रस्ताव आला होता, त्याला मी नम्रपणे नकार दिला.

अलीकडे आम्ही यादी डिफेबल डेटासोर्सवर, म्हणजे जुन्या-नव्या यादीतला फरक स्वतः काढणाऱ्या डेटासोर्सवर, नेली आहे. तो आयओएस 13 बरोबर 2019 मध्ये आला, आणि ओळी घालता-काढताना संख्या न जुळल्यामुळे होणारा क्रॅश त्याच्यामुळे थांबला. हा बदल करताना फक्त चाइल्डची फाइल उघडावी लागली. बाहेरच्या कंट्रोलरची एकही ओळ हलली नाही, हे आपल्याला कळवावे असे मनापासून वाटले. डिफेबल डेटासोर्सही प्रॉपर्टीतच धरून ठेवावा लागतो, हे मात्र या वेळी मला कोणी विचारावे लागले नाही.

एक कबुली द्यायची राहिली. चाइल्ड काढून टाकतानाचा क्रम मी अजून चुकतो. आधी विलमूव्हला निल, मग व्ह्यू काढणे, मग रिमूव्हफ्रॉमपेरेंट, हे आपल्या हस्ताक्षरातले पिवळे चिटोरे माझ्या मॉनिटरच्या कडेला अजून चिकटलेले आहे. त्याचा गोंद सुकला, म्हणून आता वर सेलोटेप लावली आहे.

कळावे,

आपला नम्र,
आपल्या जुन्या टीममधला एक आयओएस डेव्हलपर