गणपतीला येताय, तर खोलीचं आधीच बोलून घेऊ

चिपळूण,
नारळी पौर्णिमा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

गणपतीत गावच्या घरी तुम्हा दोघांना एक खोली मिळेल का, असं परवा फोनवर तू विचारलंस आणि मी "बघू" म्हणून विषय बदलला. फोन स्पीकरवर होता आणि बाबा शेजारीच बसले होते. म्हणून आता लिहिते. पुण्याला तू जिच्याबरोबर लग्नाशिवाय राहतोयस तिला हे पत्र तू वाचायला देणारच, तेव्हा दोघांसाठी लिहिलंय असं समजा.

आधी उत्तर देते. गावच्या घरी गणपतीत तुम्ही दोघं वेगळे झोपाल. ती माझ्याजवळ माजघरात, तू ओटीवर बाबा, काका आणि मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या रांगेत. मागे बांधलेल्या दोन खोल्यांपैकी एकही तुम्हाला मिळणार नाही.

"दादा-वहिनीला मिळते, मग आम्हाला का नाही?" असं म्हणालास. वहिनीच्या कडेवर तान्हं पोर आहे, हे एक. आणि त्यांचं लग्न झालंय, हे दुसरं. उगाच आडवळणाने कशाला बोलू? हा दुजाभाव आहे का? आहे. पण ते घर आपल्या एकट्याचं नाही, तिघा भावांचं आहे, आणि गणपती सगळ्या भावकीचा. त्या दिवसांत कुणाची गादी कुठे पडायची हे मी ठरवत नाही, तुझी आजीही नाही. ते कुणी कधी ठरवलेलंच नाही, त्यामुळे बदला म्हणून सांगायचं तरी कुणाला?

आणि गावाला फक्त बिनलग्नाच्यांचं वावडं आहे असं तुला वाटत असेल तर जरा थांब. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत तुझ्या बाबांशी माझं धड बोलणं झालं ते दुर्वा खुडताना, आणि तिथेही आत्या टोपली घेऊन मागे उभ्या. घरात 'खोली' म्हणावी अशी एकच होती, बाळंतिणीची. काळोखी, कोपऱ्यात भाताची पोती रचलेली. बायका माजघरात, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटवीखाली, पुरुष ओटी-पडवीत, ते एकदम गौरी-गणपती विसर्जनापर्यंत. एखाद्या नव्या जोडप्याला चुलत जावेने दया येऊन माळ्यावर गादी घालून दिली, तर दुसऱ्या दिवशी चुलीपाशी त्या पोरीला मान वर करता यायची नाही, असं हसणं चालायचं. हे फार छान होतं असं माझं मुळीच म्हणणं नाही. नवरा-बायकोने एका दाराआड झोपणं ही गोष्टच आमच्या घरात मागच्या खोल्या बांधल्या तेव्हा आली, एवढंच सांगते. तुझी तक्रार तुझ्या एकट्याची आहे असं समजू नकोस.

आता तू व्हॉट्सॲपवर धाडलेल्या निकालांबद्दल. जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं, तेव्हा वाचल्याशिवाय राहवलं नाही. दोन सज्ञान माणसं राजीखुशीने एकत्र राहिली तर तो गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अभिनेत्री खुशबू यांच्या प्रकरणात सांगितलं. कबूल. पण तू धाडलंस ते तुझ्या सोयीचं. तिच्या कामाचं आहे ते २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात. लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही त्यात संरक्षण आहे. आणि नातं 'लग्नासारखं' कधी मानायचं, हेही २०१०च्याच वेलुसामी प्रकरणात कोर्टाने सांगितलंय. दोघं लग्नाच्या वयाची हवीत, दोघांना लग्न करायला कायद्याची आडकाठी नको, आपल्या मर्जीने बऱ्यापैकी काळ एकत्र राहिलेली हवीत, आणि चारचौघांत नवरा-बायकोसारखी वावरणारी हवीत. ही शेवटची अट नीट वाच. तू ऑफिसात अजून तिला 'फ्लॅटमेट' म्हणतोस, हे तिनेच मला सांगितलं.

बाकी हे निकाल गुन्हा काय आणि हक्क काय, एवढंच सांगतात. माझ्या घरात गादी कुठे घालायची हे कोर्टाने सांगू नये, आणि ते सांगतही नाही.

"मग आम्ही लॉजवर उतरतो" हे मात्र पुन्हा म्हणू नकोस. २०१५च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांतून पोलिसांनी चाळीसेक जोडपी उचलून नेली होती. सज्ञान मुलंमुली होती ती. त्यातल्या बऱ्याच जणांवर सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केलं म्हणून दंड लावला. आतून कडी लावलेली खोली सार्वजनिक ठिकाण कशी होते, हे नागरिकशास्त्राच्या कुठल्याही धड्यात मला सापडलेलं नाही. खूप आरडाओरडा झाला नंतर, पण त्या पोरींच्या घरी फोन गेले ते गेलेच. मुलांच्या घरी काय झालं असेल? बाप दोन दिवस बोलला नसेल, एवढंच.

आता मला खरं म्हणायचंय ते. गौरी येतात त्या दिवशी वाडीतल्या सगळ्या बायका आपल्या ओटीवर असणार. नवी सून सूप भरून गौरीला ओवसते, मग थोरामोठ्यांच्या पाया पडते, हे तू लहानपणापासून बघतोयस. तुम्हाला एक खोली दिली की त्या बायकांच्या लेखी ती सून झाली. मग "हिचा ओवसा कधी?" इथपासून सुरुवात. मग उकड काढायला कोण, नारळ खवायला कोण, आरतीनंतर चाळीस पानांची खरकटी कोण काढणार, पहाटे सगळ्यांआधी न्हाऊन चहाचं आधण कोण ठेवणार? "नव्या वहिनीला सांगा की!" माझ्या पहिल्या वर्षी मी मोदकाच्या कळ्या पाडत होते आणि बाहेर फुगड्या चालल्या होत्या. गाण्यांवरून कळायचं कोण खेळतंय ते.

म्हणजे सुनेचा मान नाही, नाव नाही, कागद नाही, आणि सुनेची कामं मात्र सगळी. माझ्याजवळ माजघरात झोपली तर ती पाहुणी. पाहुणीला पाट मांडून जेवायला वाढतात, तिने ताट उचललं तर "असू दे गो" म्हणून हातातून काढून घेतात. ती फुगड्या खेळेल, रात्री बाल्या नाच बघेल, हवं तेव्हा झोपेल. तुझ्या लक्षात हे येणार नाही, कारण तुला दोन्हीकडे पाटच मिळणार आहे.

हे सगळं मी तिच्या भल्यासाठीच करते आहे, असं भासवत नाही. मलाही अवघडल्यासारखं होतं. सकाळी तुम्ही दोघं एका दारातून बाहेर याल आणि समोर धाकटी काकू केरसुणी घेऊन उभी असेल, हा विचार मनात आला तरी माझे कान तापतात. काय करू, होतं तसं.

पण एक सांगते, खोटं नको. पुण्याला आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हा तू आतली खोली तिला देऊन स्वतःसाठी हॉलमधल्या दिवाणावर चादर घातली होतीस. मी पहाटे पाचला उठते, हे तू विसरलास. चादर इस्त्रीची घडी मोडावी तितकीही मोडलेली नव्हती आणि उशी अजून फुगलेली. बाबांनीही पाहिलं. आम्ही दोघं गॅलरीत बसून चहा प्यायलो आणि पाण्याच्या टँकरवर बोललो. तुमचं घर, तुमचा रिवाज, आम्हाला काही विचारायचं नव्हतं. त्या चादरीचा मात्र राग आला. आम्हाला दिसत नाही असं समजलास, की आम्हाला सोसणार नाही असं? पुढच्या वेळी दिवाण मोकळा ठेव, पेपर वाचायला बरा पडतो.

तसंच इकडेही. गावात मी तिला 'ऑफिसमधली मैत्रीण' म्हणून सांगणार नाही. कुणी विचारलं तर सांगेन, दोघं पुण्याला एकत्र राहतात, लग्नाचं त्यांचं ते ठरवतील. आजीला सांगून झालंय. तू ज्या प्रश्नाची धास्ती घेतली होतीस तोच तिने पहिला विचारला, जातीचा. मी म्हटलं, ती आली की तिलाच विचारा. त्यावर आजी दोन जेवणं माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या जेवणाला विचारलं, "राहणार किती दिवस?" विरघळली असं समजू नकोस, मोजतेय ती.

आता चिपळूणचं. हे घर माझं आणि बाबांचं, हप्ते आम्ही फेडलेत. दिवाळीला दोघं इथे या. तुझी जुनी खोली तुमची, एकच. हॉलमध्ये मी जास्तीची गादी घालणार नाही. बाबांना हे पटलेलं नाही. मी सांगितलं तेव्हा "हं" म्हणाले आणि पंख्याचं तेलपाणी करायला लागले. दोन दिवसांनी त्या खोलीच्या दाराची कडी बदलून आणली, जुनी लागत नव्हती म्हणे. त्याचा अर्थ तू लाव. त्यांच्याशी तू स्वतः बोल, माझ्यामार्फत नको. सकाळी समोरच्या मावशी दूध द्यायला बेल वाजवतात, तेव्हा दार मी उघडेन. पुढचं माझं मी बघून घेईन.

येताना गाडी कुंभार्ली घाटातून रात्री आणू नका, या दिवसांत पाटणच्या पुढे धुकं उतरतं. तिला दोन साधे सुती ड्रेस आणायला सांग, माजघरात पंखा एकच आणि तो मखराकडे लावलेला. आणि हो, गौरीला आपल्याकडे तिखटाचा सण असतो, मटण-वडे. ती खात नसेल तर आधी कळव, म्हणजे काळ्या वाटाण्याची उसळ वेगळी काढून ठेवायला काकूला सांगते.

तुझी,
आई