पेडलच्या याद्या छापताय तर मिडचा नॉबही सांगा

संपादक साहेब,

तुमच्या पुरवणीत गिटारच्या टोनवर लेख आला, बरं वाटलं, मराठी पेपरात हे कोण छापतं. पण पिंक फ्लॉइडच्या 'कम्फर्टेबली नम्ब' गाण्यातल्या शेवटच्या गिटार सोलोसाठी तुम्ही नुसती गिअरची यादी दिलीत, आता पोरं बिग मफ, म्हणजे आवाज फाडणारा फझ पेडल, घेणार, सगळे नॉब फुल्ल करणार आणि बेडरूममध्ये मधमाशांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज काढत बसणार.

मुद्दा असा की 1979 च्या 'द वॉल' या अल्बमवर पिंक फ्लॉइडचा गिटारिस्ट डेव्हिड गिलमोरचा बिग मफ हायवॉट अँपमधून वाजला, आणि तो 100 वॉटचा अँप मोठ्या आवाजातही बऱ्यापैकी क्लीन राहतो, आवाज फाटत नाही, म्हणजे घाण सगळी पेडलची आणि जोर अँपचा. मफमध्ये मिड, म्हणजे आवाजातला मधला पट्टा, मुळातच खाली दबलेला असतो. मोठ्या आवाजात ते खपून जातं, घरच्या छोट्या अँपवर मात्र बँडसोबत वाजवलं की गिटार गायबच! म्हणून मफवरचा सस्टेन (आवाज किती फाटतो, किती लांबतो तो नॉब) निम्म्याच्या आसपास ठेवा, टोनचा नॉब थोडा डावीकडे, अँपवर बेस कमी आणि मिड चांगला वर. तरी पातळ वाटलं तर मफच्या पुढे, म्हणजे मफ आणि अँपच्या मधे, कमी गेनवर एक ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडासाच फाडणारा पेडल) लावा, लगेच फरक कळतो. डिले, म्हणजे प्रतिध्वनीचा पेडल, मफच्या नंतरच, साधारण 440 मिलिसेकंद, रिपीट मोजके आणि मिक्स इतका कमी की वाजवताना जाणवू नये पण बंद केला की पोकळ वाटावं. गिटारचा पिकअप ब्रिजचा, म्हणजे तारा जिथे खाली अडकवतात त्या बाजूचा.

आणि एवढं सगळं करून बेंड, म्हणजे तार ओढून चढवलेला सूर, बेसूर असेल तर काय उपयोग सांगा? सोलो बी मायनरमध्ये आहे, त्यातले बेंड लांब आहेत, सूर हळूहळू चढतो, नेमक्या जागी पोचतो आणि मग हलतो. आमच्यातले बरेच जण पोचायच्या आधीच हलवायला लागतात आणि मग दोष पेडलला.

अजून एक, रेकॉर्डवरचा तो सोलो एका दमात वाजवलेला नाहीये, गिलमोरने पाच-सहा सोलो वाजवले आणि त्यातले चांगले चांगले तुकडे निवडून जोडले, हे त्याने स्वतःच सांगितलंय. त्यामुळे पहिल्या टेकला तसं येत नाही म्हणून नवा पेडल बघत बसण्यात काही अर्थ नाही.

गिलमोरची ती काळी स्ट्रॅट गिटार 2019 च्या लिलावात 39 लाख 75 हजार डॉलरला गेली, ती काय आपल्याला मिळणार नाही, सोडा. पण लेखाचा पुढचा भाग काढणार असाल तर सेटिंग देताना ती किती आवाजावरची आहेत ते प्लीज छापा, त्याशिवाय आकडे वाचून कुणालाच काही जमणार नाही.

– तुमचा एक वाचक